लिपिड ए पाठ करू नका, मोजायला शिका : वहीतल्या आकृतीपासून स्पेक्ट्रमच्या पीकपर्यंत

मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या जवळपास प्रत्येकाने ग्राम निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या आउटर मेम्ब्रेनची ती आकृती वहीत काढलेली असते. खाली दोन थर, वर झुलणाऱ्या साखरेच्या शेपट्या, बाजूला बाण मारून लिपिड ए, कोअर, ओ अँटिजेन. पेपर झाला की विसरलो. मग एमएससीच्या प्रोजेक्टला कोणीतरी हातात मास स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेणूंच्या वजनाच्या आलेखाचा प्रिंट देतं, त्यात १७९६ ला एक उंच पीक म्हणजे टोक आणि १९१९ ला दुसरा, आणि म्हणतं सांग बघू हे काय आहे, आणि तिथे ती वहीतली आकृती काहीच कामाला येत नाही. मला दरवर्षी दोन-तीन मुलं तरी हे विचारतात म्हणून एकदाचं सविस्तर लिहितेय. वही, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि वाचत वाचत काढत चला, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी मेम्ब्रेन. इथे पहिली चूक होते ती म्हणजे दोन्ही थर सारखे काढणं. आउटर मेम्ब्रेनच्या आतल्या थरात आपले नेहमीचे फॉस्फोलिपिड असतात, प्रत्येकी चरबीच्या दोन चेनवाले (या चेन म्हणजे आकृतीतले पाय), आणि बाहेरच्या थरात मुख्यतः एलपीएस म्हणजे लिपोपॉलिसॅकराइड. आतल्या थराला दोन पाय काढा, बाहेरच्याला सहा. ई. कोलायच्या एका पेशीवर एलपीएसचे दहा-वीस लाख रेणू असतात म्हणजे पृष्ठभागाचा बहुतेक भाग यानेच झाकलेला. आता प्रत्येक एलपीएसच्या डोक्यावर फॉस्फेटचे निगेटिव्ह चार्ज काढा, आणि लगेच प्रश्न पडला पाहिजे की एवढे निगेटिव्ह शेजारी शेजारी बसले तर एकमेकांना ढकलणार नाहीत का. ढकलतात, म्हणून मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसतात, दोन पॉझिटिव्ह चार्जवाले, विटांमधल्या सिमेंटसारखे. वेगळ्या रंगाने ते ठिपके काढाच, कारण पुढची अर्धी गोष्ट त्या ठिपक्यांची आहे. ईडीटीए घातलं की मेम्ब्रेन ढिली का पडते? ते मॅग्नेशियम-कॅल्शियम ओढून घेतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक काय करतं? ते स्वतः भरपूर पॉझिटिव्ह असतं, ठिपक्यांना हाकलून त्यांच्या जागी बसतं आणि मग आपली चरबीची शेपटी आत घुसवतं.

एलपीएसचे तीन भाग तुम्हाला माहीत आहेत म्हणून त्यावर जास्त वेळ घालवत नाही. सगळ्यात बाहेर ओ अँटिजेन, तीच साखरेची ओळ पुन्हा पुन्हा जोडलेली, ई. कोलाय ओ१५७ मधला ओ तो हाच. मधे कोअर, त्याची आतली बाजू केडीओ आणि हेप्टोज या साखरांची. आणि खाली मेम्ब्रेनमध्ये रुतलेला लिपिड ए. सगळ्यांकडे तिन्ही भाग असतात असं मात्र धरू नका. लॅबमधल्या ई. कोलाय के-१२ कडे ओ अँटिजेन नाही, नायसेरिया आणि ॲसिनेटोबॅक्टरकडेही नाही म्हणून त्यांच्याबाबतीत लिपोऑलिगोसॅकराइड असा शब्द वापरतात, आणि सिफिलिसच्या ट्रेपोनेमाकडे तर एलपीएसच नाही.

आता खरं काम, लिपिड ए काढायचं.

पानाच्या मधोमध दोन षटकोन शेजारी शेजारी काढा, हे दोन ग्लुकोसअमाईन. उजवीकडच्या साखरेच्या कार्बनना साधे आकडे, डावीकडच्या साखरेच्या कार्बनना प्राइम लावलेले आकडे, म्हणजे १′, २′ असे. डावीचा १′ आणि उजवीचा ६ यांच्यात जोड, बीटा प्रकारची. उजव्या टोकाला १ वर एक फॉस्फेट, डाव्या टोकाला ४′ वर दुसरा. डाव्या साखरेच्या ६′ वरून वर एक रेघ काढा आणि तिथे केडीओ लिहा, बाकी सगळा एलपीएस तिथून वर चढतो. दोन्ही बाजूंना फॉस्फेट, मधे साखर, हे झालं डोकं.

आता पाय. चार चेन साखरेला थेट जोडलेल्या असतात, डावीकडून उजवीकडे ३′, २′, ३, २ या क्रमाने खाली सोडा. ई. कोलायमध्ये चारही एकाच प्रकारच्या, १४ कार्बनच्या आणि तिसऱ्या कार्बनवर ओएच असलेल्या, म्हणजे ३-हायड्रॉक्सिमिरिस्टेट. २ आणि २′ वरच्या नायट्रोजनमधून जोडलेल्या म्हणजे अमाइड, ३ आणि ३′ वरच्या ऑक्सिजनमधून म्हणजे एस्टर. हा फरक लक्षात ठेवा, अल्कलीमध्ये गरम केलं की एस्टरवाल्या सुटतात आणि अमाइडवाल्या बऱ्याच टिकतात.

उरलेल्या दोन चेनवर सगळ्यात जास्त मुलं चुकतात. त्या साखरेला जोडलेल्या नाहीत! साखरेला थेट जोडलेल्या चेनच्या त्या तिसऱ्या कार्बनवरच्या ओएचला लटकलेल्या आहेत, फांदीला फांदी फुटावी तशा. २′ वरच्या चेनला १२ कार्बनचं लॉरेट, ३′ वरच्या चेनला १४ कार्बनचं मिरिस्टेट. दोन्ही डाव्या साखरेवरच. म्हणजे डावीकडे चार चेन, उजवीकडे दोन, एकूण सहा, आणि उजवीकडच्या दोन्ही चेनचे ओएच मोकळे. काढून झालं की एकदा ओएच मोजा, चार असायला हवेत, दोन गुंतलेले दोन मोकळे. नसले तर कुठेतरी चुकलंय.

एवढं काढायला आपल्याला पाच मिनिटं लागतात पण हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. रिचर्ड फायफरने १८९२ च्या सुमारास कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना पाहिलं की मेलेले जंतूसुद्धा प्राण्याला मारतात, विष जंतूच्या अंगातच आहे, तिथून एंडोटॉक्सिन शब्द आला. हाच फायफर १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत जर्मन कमिशनबरोबर आपल्या मुंबईत आला होता. ते विष नक्की काय, हे त्याला कधीच कळलं नाही. १९५२ मध्ये जर्मनीत वेस्टफाल आणि ल्युडेरिट्झ यांनी गरम फिनॉल-पाण्याची पद्धत बसवली, एलपीएस स्वच्छ मिळायला लागलं, तरी पूर्ण रचना पक्की व्हायला १९८३ उजाडलं. आणि १९८५ मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या लोकांनी हा रेणू प्रयोगशाळेत शून्यापासून बनवला आणि बनवलेल्या रेणूनेही तसाच ताप येतो हे दिसलं, तेव्हा कुठे सगळ्यांचं समाधान झालं. मला हा भाग फार आवडतो, कारण तोपर्यंत अनेकांना वाटायचं की विष दुसरंच काहीतरी आहे, प्रोटीन वगैरे, आणि ते फक्त चिकटून येतंय.

आता मोजायचं. नियम एकच, दोन तुकडे जोडले की मधून एक पाणी निघून जातं म्हणजे १८ वजा. ग्लुकोसअमाईन १७९, दोन झाले ३५८, जोडताना १८ गेले, ३४०. फॉस्फोरिक ॲसिड ९८, जोडताना १८ जातात म्हणून प्रत्येकी ८०, दोन म्हणजे १६०, झाले ५००. हा ५०० आकडा पाठ करा, पाठ करण्यासारखा हा एकच. दोन साखर दोन फॉस्फेट बरोबर ५००, या लेखातल्या सगळ्या जंतूंसाठी. पुढे ३-हायड्रॉक्सिमिरिस्टिक ॲसिड २४४, जोडल्यावर २२६, चार वेळा ९०४, झाले १४०४. लॉरिक २००, जोडल्यावर १८२, झाले १५८६. मिरिस्टिक २२८, जोडल्यावर २१०, झाले १७९६.

आणि प्रिंटवर पीक कुठे होता? १७९६ ला. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी ती बेरीज तीनदा करून पाहिली होती.

पण थांबा, इथे एक बारीक गोष्ट आहे ती समजून घ्या नाहीतर पुढे कोणी अडवलं तर गडबड होईल. मशीन निगेटिव्ह मोडमध्ये म्हणजे निगेटिव्ह चार्जचे रेणू मोजत असतं तेव्हा रेणूतून एक प्रोटॉन गेलेला असतो, मग पीक १७९५ ला यायला हवा ना? आपण हायड्रोजन म्हणजे १ धरला, खरा तो १.००७८ आहे, आणि या रेणूत १७८ हायड्रोजन आहेत, त्यामुळे जवळपास १.४ जास्तीचे जमा होतात. ऑक्सिजन आणि फॉस्फरस पूर्णांकापेक्षा किंचित हलके असल्याने थोडे कमी होतात आणि शेवटी खरं वजन १७९७.२ निघतं. त्यातून प्रोटॉनचा एक वजा केला की १७९६.२. म्हणजे हायड्रोजनची जास्तीची भर आणि गेलेला प्रोटॉन एकमेकांना जवळपास काटतात, म्हणून लिपिड ए च्या आकाराच्या रेणूंसाठी आपली शाळेतली बेरीज थेट पीकला जाऊन लागते, अर्धा-एक इकडेतिकडे. आणि काही पेपरमध्ये १७९७ लिहिलेलं दिसतं तेही चुकीचं नाही, ९४ कार्बन आहेत म्हटल्यावर त्यातला एखादा कार्बन-१३ असण्याची शक्यता एवढी मोठी की एकने पुढचा पीक पहिल्याइतकाच, किंचित जास्तच उंच येतो. ज्या मशीनला हे पीक वेगळे दिसत नाहीत तिथे मधला आकडा मिळतो.

आता हीच बेरीज दुसऱ्या जंतूंवर करून बघा. मेनिंजायटिसचा नायसेरिया घ्या. तिथे २ आणि २′ वर १४ कार्बनच्या हायड्रॉक्सी चेन, ३ आणि ३′ वर १२ कार्बनच्या, आणि लटकलेले दोन्ही लॉरेट, पण एक डावीकडे आणि एक उजवीकडे, म्हणजे चार-दोन नाही तर तीन-तीन. ५०० अधिक ४५२ अधिक ३९६ अधिक ३६४, आले १७१२. स्यूडोमोनास एरुजिनोसात चेन आणखी आखूड, ३ आणि ३′ वर १० कार्बनच्या, २ आणि २′ वर १२ च्या. लॅबमध्ये वाढवलेल्या स्यूडोमोनासमध्ये बहुतेक वेळा ३ वरची चेन कापलेली असते म्हणून पाचच उरतात आणि पीक १४४६ ला, सहाही असतील तर त्यात १७० मिळवून १६१६. चेनची लांबी जंतूप्रमाणे ठरलेली का असते? कारण पहिली चेन लावणारं एलपीएक्सए हे एन्झाइम आतमध्ये फूटपट्टी घेऊन बसल्यासारखं आहे, ई. कोलायचं १४ कार्बन मोजून घेतं आणि स्यूडोमोनासचं १०. क्लेब्सिएलात लॉरेटच्या जागी मिरिस्टेट म्हणून १७९६ अधिक २८, म्हणजे १८२४. ॲसिनेटोबॅक्टर बाउमानीत चक्क सात चेन, १९१०.

एक लक्षात आलं का, अशी मूळ आकड्यांची यादी झाली की बाकी सगळं फरक काढणं आहे. दोन पीकमधला फरक काढायचा आणि तो कशाचा हे ओळखायचं. १६ म्हणजे एक जास्तीचा ऑक्सिजन, चेनवर अजून एक ओएच. २१० म्हणजे एक मिरिस्टेट गेलं किंवा आलं, जसं ई. कोलायमध्ये मिरिस्टेट लावणारं एलपीएक्सएम हे एन्झाइम बंद केलं तर १५८६ दिसतो. २३८ म्हणजे १६ कार्बनचं पाल्मिटेट जास्तीचं लागलं. १२३ म्हणजे फॉस्फोइथेनॉलअमाईन. १३१ म्हणजे अमिनो अरॅबिनोज ही साखर. शेवटच्या दोघांमध्ये फक्त ८ चा फरक आहे त्यामुळे घाईघाईत प्रिंटवरून डोळ्याने अंदाज बांधू नका, आकडे वाचा. आणि २२ दिसला तर आनंदून जाऊ नका, तो बहुतेक सोडियम असतो.

८० बद्दल वेगळं सांगते कारण इथे फसवणूक होते. १७१६ ला पीक दिसला की लगेच लिहायचं नाही की जंतूने फॉस्फेट काढून टाकला. लिपिड ए वेगळा करताना आपण सौम्य ॲसिडमध्ये उकळून केडीओची जोड तोडतो, आणि १ वरचा फॉस्फेट ॲसिडला फार नाजूक असतो, पीएच जरा खाली गेला किंवा वेळ जास्त झाला की तोही गळतो. म्हणून पीएच ४.५ चा सोडियम ॲसिटेट बफर आणि थोडं एसडीएस हे डिटर्जंट वापरतात. सोबत ओळखीच्या ई. कोलायचा नमुना त्याच दिवशी त्याच बफरमध्ये चालवा, त्यातही १७१६ तेवढाच मोठा असेल तर तो तुमच्या हाताचा दोष आहे, जंतूचा शोध नाही. उलट बाजूला १८७६ दिसला तर घाबरू नका, ई. कोलायमध्ये काही रेणूंवर १ या कार्बनवर दोन फॉस्फेट एकाला एक जोडून असतात, ते नॉर्मल आहे. आणि १४०० च्या आसपास झुबका दिसला तर तो कार्डिओलिपिन असू शकतो, म्हणजे फॉस्फोलिपिड नीट धुतले गेले नाहीत. स्यूडोमोनासवर काम करणाऱ्यांनी तर हे पक्कं तपासा, त्यांचा १४४६ तिथेच शेजारी बसतो.

वस्तुमानावरून काय कळत नाही तेही लिहून ठेवा. १२३ लागलाय हे कळतं, तो १ वर की ४′ वर हे कळत नाही. त्यासाठी रेणू तोडून पुन्हा तुकडे मोजावे लागतात.

एवढी खटपट कशासाठी, तर हे आकडे वॉर्डातल्या पेशंटपर्यंत जातात. वर आपण ठिपके काढले होते आठवतं? कोलिस्टिनला निगेटिव्ह चार्ज हवा. फॉस्फेटवर फॉस्फोइथेनॉलअमाईन किंवा अमिनो अरॅबिनोज चढवलं की त्यांच्यावरच्या अमिनो गटाचा पॉझिटिव्ह चार्ज तिथेच बसतो आणि कोलिस्टिनला धरायला जागा कमी होते. ई. कोलायमधला १९१९ तोच, १७९६ अधिक १२३. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जीनची बातमी आली तेव्हा सगळे हादरले ते यासाठी की हा बदल करणारं एन्झाइम प्लाझ्मिडवर म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर आहे, त्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतं. भारतात जुलै २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती, शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं औषध कोंबडीच्या खाद्यात मिसळणं याला काय म्हणायचं. क्लेब्सिएलात मात्र प्लाझ्मिड नसतानाही हे होतं, एमजीआरबी नावाचा छोटा ब्रेक तुटला की पेशी स्वतःच १३१ चढवत सुटते, १८२४ चा १९५५ होतो.

दुसरी बाजू आपल्या शरीराची. आपल्या पेशींवरचा टीएलआर४ हा रिसेप्टर आणि त्याचा जोडीदार एमडी-२ लिपिड ए ओळखतात, ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये टीएलआर४ चा धागा शोधला आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. २००९ च्या क्रिस्टल रचनेत दिसलं की सहापैकी पाच चेन एमडी-२ च्या खळग्यात जातात आणि सहावी बाहेर राहून शेजारच्या टीएलआर४ ला टेकते, दोन्ही फॉस्फेटही धरून ठेवायला मदत करतात. आता तुमची आकृती समोर ठेवून बघा, सहा चेन दोन फॉस्फेटवाला आपल्याला एवढा का झोंबतो ते नुसत्या चित्रावरून दिसतं. चार चेनवाले माणसात बरेच थंड असतात. १ वरचा फॉस्फेट काढला की ताप आणण्याची ताकद खूप उतरते पण इम्युनिटी जागी करण्याची थोडी राहते, आणि हाच मोनोफॉस्फोरिल लिपिड ए, साल्मोनेला मिनेसोटापासून काढलेला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या सर्वारिक्ससारख्या लशीत मदतनीस म्हणून घालतात. म्हणजे ज्या ८० ला आपण मघाशी हाताचा दोष म्हटलं तोच इथे मुद्दाम घडवून आणलाय.

नमुना हाताळणाऱ्यांसाठी एकच सूचना, ऑटोक्लेव्हवर विसंबू नका. जंतू मरतो, लिपिड ए मरत नाही. काचेची भांडी एंडोटॉक्सिनमुक्त हवी असतील तर कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंशाला किमान ३० मिनिटं. पेशींवरचा प्रयोग बिघडतो तेव्हा बऱ्याचदा कारण हेच निघतं.

आता सरावाला चार पीक देते, खालचं उत्तर झाकून आधी स्वतः करा. क्लेब्सिएलात १८४०. क्लेब्सिएलात १९७१. ॲसिनेटोबॅक्टरमध्ये २०३३. साल्मोनेलात २०३४, साल्मोनेलाचा मूळ आकडा ई. कोलायसारखाच १७९६ धरा.

पहिला १८२४ अधिक १६, एक ओएच वाढला. दुसरा त्यावर १३१, म्हणजे अमिनो अरॅबिनोज, कोलिस्टिनचा रिपोर्ट मागवा. तिसरा १९१० अधिक १२३, फॉस्फोइथेनॉलअमाईन, इथेही कोलिस्टिनवर शंका घ्या. चौथा १७९६ अधिक २३८, पाल्मिटेट, सातवी चेन, जास्तीचा चार्ज काही नाही. शेवटच्या दोघांत आकड्याचा फरक फक्त एकाचा, आणि एकात डोकं बदललंय तर दुसऱ्यात पाय. म्हणून प्रिंट हातात आला की पीककडे बघायच्या आधी वरच्या कोपऱ्यात पेनाने जंतूचं नाव आणि त्याचा मूळ आकडा लिहा, आणि मगच वजाबाकी सुरू करा.